काट्यावरच्या विंडोज ७ ला ठाऊक नसलेलं घड्याळ

डिसेंबरातली सकाळ, पावणेसहा वाजले होते. अंबिया बहाराची संत्री जोरात होती, नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात शिरायला रात्रीपासून गाड्यांची रांग होती, आणि त्या रस्त्यावरच्या एका धरमकाट्यावर आमचं वजन-पावतीचं सॉफ्टवेअर चालतं. तिथल्या मुनीमजींचा फोन आला.

"भाऊ, काटा चालू आहे, पण तुमचं ते सॉफ्टवेअर उघडूनच नाही राहिलं. गाड्या लागून आहेत इथं."

"स्क्रीनवर काय दाखवते?"

"इंग्रजीत हे लांबलचक नाव आहे बा. फोटोच टाकतो."

फोटोत लाल फुलीची चौकट होती. अमुक नावाचा प्रोसीजर एंट्री पॉइंट (म्हणजे फंक्शन) कर्नल३२.डीएलएल या विंडोजच्या लायब्ररीत सापडला नाही, असं त्यात लिहिलेलं. ते अमुक नाव म्हणजे गेटसिस्टिमटाइमप्रिसाइजॲजफाइलटाइम, विंडोजला वेळ विचारायचं एक फंक्शन. एका दमात वाचून होत नाही, म्हणून पुढं मी त्याला 'बारीक घड्याळ' म्हणतो. त्याचा जुना भाऊ गेटसिस्टिमटाइमॲजफाइलटाइम, त्याला 'साधं घड्याळ'.

आदल्या संध्याकाळी आमच्या ऑफिसातल्या पोरानं रिमोटवरून नवी आवृत्ती टाकली होती. मी जुनी एक्झी, म्हणजे प्रोग्रॅमची फाइल, परत ठेवली, सगळं सुरळीत झालं. तोवर मुनीमजींनी इंडिकेटरवरचा (काट्याला जोडलेल्या, वजन दाखवणाऱ्या डब्यावरचा) आकडा बघून हातानं पावत्या फाडल्या. वजन इंडिकेटर करतो, वैध मापनवाल्यांचं सील त्याच्यावरच असतं. आमचा कॉम्प्युटर तो आकडा वाचतो, गाडीचा फोटो काढतो, पावती छापतो आणि सगळं साठवून ठेवतो. त्यामुळं नुकसान कोणाचं झालं नाही. लाज तेवढी गेली.

पुढच्या आठवडाभरात त्या एका नावापायी आम्ही आणखी दोनदा आपटलो, आणि दोन्ही वेळा दुरुस्ती करतानाच. म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय.

घड्याळ बदललं कशाला

गाडी काट्यावर चढताना वजन कसं वाढत जातं, याचा आलेख काटामालकाला हवा होता. एखादा ड्रायव्हर मागचं चाक प्लॅटफॉर्मच्या बाहेर ठेवून वजन करू पाहतो, ते आलेखात लगेच दिसतं. म्हणून इंडिकेटरकडून येणारी प्रत्येक फ्रेम, म्हणजे वजनाचा एकेक निरोप, वेळेसकट डेटाबेसमध्ये टाकायला सुरुवात केली. पण आलेखाला मधूनच दात दिसायचे. वजन ८,४२० वरून ८,५१० वर, मग परत ८,४६० वर, मग ८,५६०. चढणाऱ्या गाडीचं वजन असं मागं-पुढं होत नाही.

हिशेब साधा आहे. आमचा इंडिकेटर सलग मोडमध्ये ९६०० बॉडनं, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट या वेगानं, बोलतो. एका बाइटला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट. फ्रेम १२ बाइटची, म्हणजे सेकंदाला ८० फ्रेम, दर १२.५ मिलिसेकंदांना एक. आता साधं घड्याळ बघा. विंडोजचा टिक मुळात सेकंदाला ६४, म्हणजे ते दर १५.६२५ मिलिसेकंदांनी पुढं सरकतं आणि मधल्या वेळात कितीही वेळा विचारलं तरी तेच उत्तर देतं. ८० फ्रेम आणि ६४ टिक. सेकंदाला किमान १६ फ्रेमना तरी आधीच्या फ्रेमचीच वेळ मिळणार. आम्ही नोंदी वेळेनुसार लावून काढत होतो, आणि वेळ सारखी असेल तर डेटाबेस कोणती ओळ आधी देईल याची हमी नसते. तेच ते दात.

पोरानं कागदपत्रं चाळली आणि बारीक घड्याळ शोधून काढलं. एक मायक्रोसेकंदाहून बारीक वेळ, आणि देणंघेणं अगदी साध्या घड्याळासारखं: १ जानेवारी १६०१ पासूनचा काळ, १०० नॅनोसेकंदांच्या एककात, फाइलटाइममध्ये. कोडमध्ये एक शब्द वाढवायचा होता. त्यानं वाढवला, आपल्या विंडोज १० वर चालवून बघितला, आलेख गुळगुळीत आला, मला दाखवला. मीही "मस्त" म्हणालो. म्हणजे चूक दोघांची. कागदपत्रांच्या त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं की हे फंक्शन विंडोज ८ पासून आहे. आम्ही वरचं वाचलं, खालचं राहिलं.

विंडोज ७ चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ जानेवारी २०२० ला काढून घेतला, तरी काट्यांवर ती अजून का, असं कोणी विचारेल. काट्याच्या केबिनमध्ये बसून बघावं. धूळ, मे महिन्यातलं ४५ अंश, आणि जाड केबलच्या पॅरलल पोर्टवर लावलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जो तीन प्रतींची पावती बिनतक्रार फाडतो. नव्या कॉम्प्युटरला तो पोर्ट नसतो. चालतंय ते मालक कशाला बदलेल? आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांकडं हीच गत, आणि त्यांना "आधी कॉम्प्युटर बदला" म्हणण्याइतके आम्ही मोठे नाही.

'इफ' लावूनही उघडेना

पोराची पहिली दुरुस्ती कोणालाही सुचेल अशीच होती. विंडोजची आवृत्ती बघायची. ८ किंवा वरची असेल तर बारीक घड्याळ, नाहीतर साधं. कोड वाचायला अगदी बरोबर. नशिबानं या वेळी आम्ही रात्री गाड्या नसताना काट्यावर टाकून बघितला. तीच चौकट, तेच नाव.

"दादा, त्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम जाऊनच नाही राहिला तर एरर कशी येते?"

प्रश्न बरोबर होता, आणि अख्ख्या प्रकरणाची गोम त्यातच आहे. एक्झी फाइलमध्ये इम्पोर्ट टेबल असतं: कोणत्या डीएलएलमधली कोणती नावं लागणार, त्याची यादी. कोडमध्ये फंक्शन सरळ नावानं बोलावलं की लिंकर, म्हणजे एक्झी जोडून देणारं साधन, ते नाव या यादीत टाकतो. ते 'इफ'च्या आत आहे की बाहेर, त्याला फरक पडत नाही. प्रोग्रॅम सुरू करताना विंडोजचा लोडर आमच्या कोडची एकही ओळ चालवण्याआधी ही यादी घेऊन बसतो आणि प्रत्येक नावाचा पत्ता भरतो. एक जरी नाव सापडलं नाही तरी तो तिथंच थांबतो आणि ०एक्ससी००००१३९ हा कोड देऊन प्रोसेस बंद करतो. लग्नाच्या आचाऱ्यासारखं आहे हे. यादीतलं केशर आलं नाही म्हणून तो भट्टीच पेटवत नाही. तुम्ही कितीही सांगा की केशर फक्त मागतील त्यांच्यासाठी होतं, त्याच्यासाठी यादी ती यादी.

मी डंपबिन हे एक्झीचं पोट उघडून दाखवणारं साधन चालवून त्याला एक्झीची इम्पोर्ट यादी दाखवली. कर्नल३२ खालच्या नावांमध्ये बारीक घड्याळ ठळकपणे बसलेलं होतं. एरवी वर्गात दोन तास घालवून कळत नाही ते त्या यादीकडं बघून अर्ध्या मिनिटात कळतं.

त्यानं मग डिले-लोड सुचवलं. लिंकरला सांगितलं की अमुक डीएलएल लागेल तेव्हाच उघड, तर यादीतली ती नावं सुरुवातीला तपासली जात नाहीत. कल्पना चांगली, पण कर्नल३२ ला ही सवलत मिळत नाही. उशिरा उघडून देणारा मदतनीस कोड स्वतःच कर्नल३२ मधल्या फंक्शनांवर उभा आहे.

आवृत्ती विचारण्याची पद्धतही मला मुळातच आवडत नाही. विंडोज ८.१ पासून गेटव्हर्जनएक्स हे फंक्शन खरं सांगत नाही. प्रोग्रॅमच्या मॅनिफेस्टमध्ये (सोबतच्या माहितीपत्रकात) नव्या विंडोजचा उल्लेख नसेल तर ते ६.२, म्हणजे विंडोज ८, असंच सांगत राहतं. शिवाय आपल्याला आवृत्तीशी कर्तव्य नाही, फंक्शनाशी आहे. दुकानात साखर आहे का हे विचारायचं असताना दुकान कोणत्या साली उघडलं हे कशाला विचारायचं?

नाव विचारून घेणं

तर मग रस्ता एकच: नाव यादीत येऊ द्यायचं नाही, प्रोग्रॅम सुरू झाल्यावर स्वतः विचारायचं. गेटमॉड्यूलहँडलनं कर्नल३२ चं हँडल, म्हणजे तिला धरायची खूण, घ्यायचं. ती प्रत्येक प्रोसेसमध्ये आधीच असते, त्यामुळं लोडलायब्ररी करायची गरज नाही आणि नंतर सोडायचीही नाही. मग गेटप्रॉकॲड्रेसला फंक्शनाचं नाव साध्या अक्षरमाळेत द्यायचं. असेल तर पत्ता मिळतो, नसेल तर नल, म्हणजे रिकामा पत्ता. पत्ता एका फंक्शन पॉइंटरमध्ये, म्हणजे फंक्शनाचा पत्ता धरणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, ठेवायचा. नल आला तर त्या पॉइंटरमध्ये साध्या घड्याळाचा पत्ता. हे सगळं थ्रेड सुरू व्हायच्या आत एकदाच. पुढं सगळा कोड त्या पॉइंटरमधूनच वेळ विचारतो.

ऐकायला दहा ओळींचं काम. पण इथं कंपायलर तुमच्या पाठीशी नसतो. नावाची अक्षरमाळा चुकली तर कोणी काही म्हणत नाही, लहान-मोठी लिपी चुकली तरीही नाही. नल येतो आणि तुम्ही मुकाट्यानं जुन्या वाटेनं जाता. मी पोराला एकच हट्ट धरून करायला लावलं होतं: प्रोग्रॅम उघडला की लॉगमध्ये पहिली ओळ 'घड्याळ: बारीक' किंवा 'घड्याळ: साधं'. त्याच्या विंडोज १० वर लॉग म्हणाला, साधं. बघतो तर 'प्रिसाइज'मधलं एक अक्षर गळालेलं. ती ओळ नसती तर आम्ही वर्षभर "नवं घड्याळ लावलं" म्हणत फिरलो असतो.

दुसरी एक चांगली गोष्ट आम्ही याच वेळी केली. विन३२_विनएनटी नावाचा मॅक्रो असतो. आपला प्रोग्रॅम किमान कोणत्या विंडोजवर चालायला हवा, ते त्यानं हेडर फाइलींना, म्हणजे फंक्शनांच्या घोषणा असलेल्या फाइलींना, कळतं. आम्ही तो कधी ठरवलाच नव्हता, म्हणून तो विंडोज १० चा धरला जात होता. तो विंडोज ७ साठी ०एक्स०६०१ असा ठरवला की हेडर नव्या फंक्शनांची घोषणाच लपवतं. हे आधीच केलं असतं तर पोराचा तो एक शब्द कंपाइलच झाला नसता, आणि पावणेसहाला मी झोपेत असतो.

पण याच चांगल्या गोष्टीनं पुढचा खड्डा खणला. हेडरनं घोषणा लपवली की डेक्लटाइप लावून फंक्शनाचा प्रकार उचलता येत नाही. प्रकार हातानं लिहावा लागतो. पोरानं लिहिला: फाइलटाइमचा पॉइंटर घेतं, काही परत देत नाही. बरोबर. फक्त मधला विनएपीआय हा शब्द लिहायचा राहिला.

जुन्यावर चाललं, नव्यावर मेलं

नवी आवृत्ती कळमन्याच्या काट्यावर टाकली. उघडली. लॉगमध्ये 'घड्याळ: साधं'. दिवसभर शंभरेक गाड्या झाल्या, काही नाही. दुसऱ्या दिवशी सगळीकडं टाकली.

दुपारी बुटीबोरीकडच्या एका काट्यावरून फोन. तिथं मालकानं हौसेनं नवा कॉम्प्युटर घेतलेला, विंडोज १०. प्रोग्रॅम उघडतो, लॉगिन होतं, सगळं दिसतं. पहिली गाडी काट्यावर चढली की दोन-चार सेकंदांत गायब. एरर नाही, चौकट नाही. "गाडी पाहून पळून राहिलं तुमचं सॉफ्टवेअर," असं तिथला ऑपरेटर म्हणाला, आणि खरं तर त्यानं अचूक बग रिपोर्ट दिला होता. फ्रेमची नोंद गाडी चढल्यावरच सुरू होते. म्हणजे घड्याळ विचारलं की मरण.

विनएपीआय हा शब्द ३२ बिटच्या दुनियेत काय सांगतो, ते थोडं थांबून बघू, कारण हेच कळायला आम्हाला अख्खी दुपार लागली. फंक्शनाला दिलेली माहिती स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या चळतीवर, ठेवली जाते. काम झाल्यावर ती उचलायची कोणी? विंडोजची बहुतेक फंक्शनं स्टडकॉल पद्धतीची: बोलावलेलाच उचलून जातो. सी आणि सी++ ची नेहमीची पद्धत सीडेक्ल: बोलावणारा उचलतो. विनएपीआय म्हणजे स्टडकॉल. तो शब्द नसल्यामुळं आमचा पॉइंटर सीडेक्लचा झाला. बारीक घड्याळानं जाताना आपले ४ बाइट उचलले, आणि परत आल्यावर आमच्या कोडनंही ४ बाइट उचलले. लग्नात ताट एकच आणि उचलायला दोघं आले, दुसऱ्यानं शेजारच्याचं उचललं, असला प्रकार. स्टॅकचा काटा, ईएसपी, दर वेळी ४ बाइट वर सरकत गेला.

मग पहिल्याच फ्रेमला का मेलं नाही? त्या फंक्शनात ट्राय-कॅच होतं, म्हणून कंपायलर लोकल व्हेरिएबल ईबीपी या दुसऱ्या, स्थिर काट्यावरून मोजत होता आणि ईएसपी घसरला तरी ती त्याला नीट सापडत होती. पण सेकंदाला ८० फ्रेम, म्हणजे ३२० बाइट. पुढं कोणत्याही फंक्शनाला काही द्यायला स्टॅकवर ठेवलं की ते आमच्याच व्हेरिएबलांच्या अंगावर पडायला लागलं. क्रॅश डंपमध्ये (प्रोग्रॅम मेला तेव्हाच्या मेमरीच्या नकलेत) वजनाचा बफर ठीक होता आणि फाइलच्या हँडलच्या जागी भलताच कचरा होता.

मग विंडोज ७ वर का चाललं? कारण तिथं बारीक घड्याळ नसल्यामुळं पॉइंटरमध्ये साध्या घड्याळाच्या थेट पत्त्याऐवजी पोरानं लिहिलेलं स्वतःचं छोटं फंक्शन होतं, जे आत साधं घड्याळ बोलावतं. ते त्याचंच लिहिलेलं, म्हणून सीडेक्ल. पॉइंटर सीडेक्ल, फंक्शन सीडेक्ल, जोडी जमली. दुरुस्तीनं जुनी मशीन वाचवली आणि नवी मारली.

आणि त्याच्या टेबलावर का चाललं? कारण तो ६४ बिटचा बिल्ड, म्हणजे ६४ बिटसाठी बांधलेला प्रोग्रॅम, चालवत होता. ६४ बिटच्या विंडोजमध्ये बोलावण्याची नेहमीची पद्धत एकच, तिथं विनएपीआय लिहा की न लिहा. काट्यांवर मात्र ३२ बिटचा बिल्ड जातो, कारण कॅमेऱ्याची डीएलएल ३२ बिटचीच आहे. तोच बिल्ड त्यानं डीबगमध्ये एकदा चालवला असता तर ईएसपी नीट राखला गेला नाही, असं रनटाइम तपासणीनं पहिल्याच कॉलला तोंडावर सांगितलं असतं. आम्ही टेबलावर तपासत होतो एक आणि गिऱ्हाइकाला देत होतो दुसरं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

कंपायलरनं का नाही अडवलं? गेटप्रॉकॲड्रेस जो पत्ता देतं तो भलत्याच, सर्वसाधारण प्रकारचा असतो, त्यामुळं त्याला कास्ट, म्हणजे 'हा अमुक प्रकारचा समज' असं कंपायलरला सांगणं, करावंच लागतं. आणि कास्ट केलं की कंपायलर म्हणतो, तुम्ही जाणा.

यावर एक उपाय सापडला, जो मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडला. मधलं स्वतःचं फंक्शन काढून टाकलं आणि पर्याय म्हणून विंडोजचं साधं घड्याळच थेट पॉइंटरमध्ये ठेवलं, कास्ट न करता. दोन्ही घड्याळांचा प्रकार तंतोतंत एक आहे. साध्या घड्याळाची घोषणा हेडरमध्ये असते, म्हणून हातानं लिहिलेल्या प्रकारात विनएपीआय राहिलं तर ३२ बिटच्या बिल्डमध्ये ती नेमणूकच कंपाइल होत नाही. जे फंक्शन सगळीकडं आहे, ते नसणाऱ्याच्या प्रकारावर पहारा देतं. मी मुद्दाम तो शब्द खोडून कंपाइल करून बघितलं. एरर आली. पोरगा एवढा खूश झाला की खाली जाऊन सगळ्यांसाठी तर्री पोहे घेऊन आला.

शेजारच्या खोलीतही तेच

हात घातलाच आहे तर, म्हणून बाकीच्या जागाही बघितल्या. नव्या मोठ्या स्क्रीनवर आमची अक्षरं फिसकटलेली दिसायची म्हणून शेकोर.डीएलएल या विंडोजच्या लायब्ररीतलं एक फंक्शन कोणीतरी (मीच) दोन वर्षांपूर्वी लोडलायब्ररी करून वापरलं होतं. ते फंक्शन विंडोज ८.१ चं, आणि विंडोज ७ वर ती डीएलएलच नसते. नसली तर नल येतो, पुढं जातो. तेवढं ठीक होतं. पण मी फक्त फाइलचं नाव दिलं होतं, पूर्ण वाट नाही. नुसतं नाव दिलं की विंडोज आधी एक्झीच्या फोल्डरमध्ये बघतो, मग सिस्टिमच्या फोल्डरांत, तिथंही नसेल तर चालू फोल्डर आणि पाथ या यादीतल्या जागा. आमची एक्झी काट्यावर डेस्कटॉपवरच्या फोल्डरात, आणि तिथं दिवसभर कोणाकोणाचे पेनड्राइव्ह लागतात. सिस्टिममध्ये नसलेल्या डीएलएलचं नाव घेऊन कोणीही काहीही तिथं ठेवलं तर आम्ही ते आनंदानं चालवलं असतं. या प्रकाराबद्दल मायक्रोसॉफ्टनं ऑगस्ट २०१० मध्येच सूचना काढली होती.

फक्त सिस्टिम३२ या विंडोजच्या फोल्डरमध्येच शोध, असं सांगणारा फ्लॅग लोडलायब्ररीएक्सला देता येतो. पण गंमत बघा: विंडोज ७ वर तो फ्लॅग एक ठरावीक अपडेट टाकला असेल तरच चालतो. तो चालतो का हे कसं कळणार? मायक्रोसॉफ्टचंच उत्तर: गेटप्रॉकॲड्रेसनं कर्नल३२ मध्ये ॲडडीएलएलडिरेक्टरी हे नाव आहे का बघा, असेल तर फ्लॅगही आहे. म्हणजे एक ऐच्छिक गोष्ट सुरक्षितपणे शोधायला दुसरी ऐच्छिक गोष्ट शोधायची. आम्ही तो खटाटोप टाळला. गेटसिस्टिमडिरेक्टरीला फोल्डर विचारून पूर्ण वाट जोडली आणि तीच दिली. सगळ्या विंडोजवर चालतं, एकच वाट तपासावी लागते.

लिनक्सवाले इथं हसत असतील, तर त्यांनी हसू नये. आमचा नोंदी वर पाठवणारा सर्व्हर एके काळी सेंटओएस ७ या लिनक्सवर होता: जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.१७, कर्नल ३.१०. नव्या उबंटूवर बांधलेली बायनरी तिथं टाकली की जीलिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही, असं म्हणून मेन या पहिल्या फंक्शनाच्या आधीच बसते. तोच आचारी, तीच यादी. तिथं गेटप्रॉकॲड्रेससारख्याच डीएलसिमनं नाव विचारता येतं, पण तेवढ्यानं भागत नाही. गेटरँडम हा सिस्टिम कॉल लिनक्स ३.१७ मध्ये २०१४ साली आला आणि त्याचं फंक्शन जीलिबसी २.२५ मध्ये २०१७ साली. लायब्ररी नवी आणि कर्नल जुना अशी जोडी असेल तर फंक्शन सापडतं, बोलावता येतं, आणि ते 'ईनोसिस', म्हणजे 'हा कॉल इथं नाही', म्हणून हात वर करतं. तिथं नाव सापडल्यावरही उत्तर तपासावं लागतं.

आणि मग ते घड्याळच काढलं

सगळं दुरुस्त होऊन दोन आठवडे झाले होते. एका काट्याच्या आलेखात परत विचित्र काही दिसलं. दात नव्हते, पायऱ्या होत्या. त्या कॉम्प्युटरला सीरियल पोर्ट नाही, यूएसबीचा कन्व्हर्टर लावलेला. त्यातली एफटीडीआय कंपनीची चिप मुळातल्या सेटिंगवर आलेला डेटा १६ मिलिसेकंदांपर्यंत धरून ठेवते आणि मग एकदम सोडते. म्हणजे दोन फ्रेम एकत्र येतात, आणि आमचं बारीक घड्याळ त्यांच्यात मायक्रोसेकंदांचं अंतर आहे असं छातीठोक लिहून ठेवतं. आकडा अचूक होता, पण तो फ्रेम आमच्या हातात कधी पडली याचा होता. वजन कधी झालं, ते त्याला माहीतच नव्हतं.

त्याच आठवड्यात कळमन्याच्या जुन्या मशीनचा बोर्डावरचा सेल संपला. सकाळी चालू केलं की तारीख १ जानेवारी २००९. मुनीमजी हातानं तारीख बरोबर करायचे, कधी विसरायचे, दहा गाड्यांनंतर आठवलं की मग करायचे. त्या दिवशीच्या नोंदी वेळेनुसार लावल्या तर सकाळच्या गाड्या पंधरा वर्षांहून मागं जाऊन बसायच्या. घड्याळ बारीक असो की साधं, भिंतीवरच्या वेळेवर क्रम लावणं मुळातच चुकीचं होतं.

आम्हाला हवा होता क्रम. क्रमाला वेळ लागत नाही, आकडा लागतो. प्रत्येक फ्रेमला एक वाढता क्रमांक दिला, डेटाबेसमधून काढताना त्याच क्रमांकानं काढलं, आणि वेळेसाठी साधं घड्याळ ठेवलं, जे पावतीवर मिनिटापर्यंतच छापलं जातं. आलेख पहिल्या फटक्यात सरळ. इंडिकेटर ठरलेल्या वेगानं बोलतो, त्यामुळं दोन फ्रेममधलं अंतर क्रमांकावरूनच १२.५ मिलिसेकंद धरता येतं, आणि ते आमच्या कोणत्याही घड्याळापेक्षा खरं आहे.

मग बारीक घड्याळाचा शोध, पॉइंटर, पहाऱ्याची नेमणूक, लॉगची ओळ, सगळं पोरानं एका कमिटमध्ये काढून टाकलं. जरा जीवावर आलं त्याच्या. "दादा, एवढं शिकलो त्याच्यावर, आणि उडवून टाकायचं?" मी म्हणालो, शेकोरसाठी तोच साचा वापर, तिथं खरंच लागतो. तिथं त्यानं तो नीट बसवला: विनएपीआयसकट, पूर्ण वाटेसकट, आणि फंक्शन नसेल तर लॉगमध्ये ओळ लिहून.

मार्चमध्ये कळमन्याच्या मालकानं शेवटी नवा कॉम्प्युटर घेतला, पॅरलल पोर्टचं कार्ड टाकून. जुना मी मागितला. मुनीमजी म्हणाले, "भंगारातच देणार होतो भाऊ, घेऊन जा." तो आता धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसात खिडकीखाली असतो, आणि ३२ बिटचा प्रत्येक बिल्ड आधी त्याच्यावर उघडून, मगच बाहेर जातो. पहिल्याच दिवशी पोरगा इतवारीतून नवा सेल घेऊन आला होता. मी लावू दिला नाही. रोज सकाळी तो १ जानेवारी २००९ ला उठतो, आम्ही खोट्या फ्रेम सोडतो, मध्येच तारीख बदलतो, आणि आलेख सरळ येतो का बघतो.